चंद्राची दुसरी खेप

युरी गागारिन १९६१च्या डिसेंबरात मुंबईत येऊन गेला. नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकल कॉलिन्स १९६९च्या ऑक्टोबरात आले. दोन्ही वेळा त्यांना पाहायला गर्दी लोटली. पाहुणे एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन देशांचे होते, पण हार घालताना मुंबईने हात आखडता घेतला नाही. अलिप्ततेचं धोरण दिल्लीत ठरत असेल. रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला वर जाऊन धड परत आलेला माणूस डोळ्यांनी पाहायचा होता, तो कोणत्या गोटातला याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

खुद्द चंद्रावरचं उतरणं मात्र मुंबईने पाहिलं नाही, ऐकलं. ‘ईगल’ हे यान टेकलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलै १९६९ची मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजले होते. आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं तेव्हा सोमवारचे साडेआठ व्हायला आले होते आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत सकाळपाळी केव्हाच सुरू झाली होती. दोनच दिवसांपूर्वी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं, त्यामुळे फोर्टातल्या कचेऱ्यांत चंद्रापेक्षा त्याचीच चर्चा जास्त रंगली असणार. दूरचित्रवाणी शहरात नव्हतीच, सगळी भिस्त रेडिओवर आणि वर्तमानपत्रावर. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला अपोलो-१७चे तिघे पॅसिफिक महासागरात उतरले. शहराला चित्र दिसायला लागलं आणि अडीच महिन्यांत चंद्राचा खेळ आटोपला. त्यानंतर चंद्राच्या जमिनीवर माणूस उतरलेला नाही. तिथे चालून आलेल्या बाराजणांपैकी आज ऑल्ड्रिन, डेव्हिड स्कॉट, चार्ल्स ड्यूक आणि हॅरिसन श्मिट हे चौघेच हयात आहेत, आणि त्यांतला सर्वांत धाकटाही नव्वदीचा आहे.

आता पुन्हा तारखा जाहीर होत आहेत. अमेरिका म्हणते २०२८, चीन म्हणतो २०३०च्या आत, भारत म्हणतो २०४०. यांतलं काय होण्यासारखं आहे आणि कशाच्या जोरावर, याचा २०२५च्या अखेरपर्यंतचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. देशादेशांतली चुरस माणसाला चंद्रावर एकदा नेऊ शकते, हे सिद्ध झालेलं आहे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा नेण्याची ताकद तिच्यात नाही, हेही त्याच वेळी सिद्ध झालं. तेव्हा ‘कोण आधी’ हा प्रश्न जितका चघळला जातो, तितका तो महत्त्वाचा नाही.

पहिल्या खेपेचा हिशेब पाहा. अमेरिकेच्या अपोलो कार्यक्रमावर त्या काळचे सुमारे २५ अब्ज डॉलर खर्च झाले. ऐन भरात, १९६६च्या सुमारास, अमेरिकेच्या केंद्रीय अर्थसंकल्पातले चार टक्क्यांहून जास्त पैसे एकट्या नासाकडे जात होते. आज हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. चार लाखांच्या आसपास माणसं त्या कामाला जुंपलेली होती. शर्यत जिंकली आणि वर्ष-दोन वर्षांतच पुढची तीन उड्डाणं रद्द झाली. अपोलो-१८, १९ आणि २० कधी सुटलीच नाहीत. शत्रूला हरवण्यासाठी उघडलेली तिजोरी शत्रू हरल्यावर बंद होणार, यात नवल कसलं?

सोव्हिएत बाजूची कथा आणखी बोलकी आहे. त्यांचा मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव जानेवारी १९६६मध्ये गेला. चंद्रासाठी बांधलेलं एन-१ हे अवाढव्य रॉकेट १९६९ ते १९७२ या काळात चारदा उडवलं आणि चारही वेळा फसलं. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर असताना सोव्हिएतांचं निर्मनुष्य लूना-१५ तिथेच उतरायचा प्रयत्न करत होतं, ते आदळलं. हरल्यावर ‘आम्ही शर्यतीत नव्हतोच’ असा पवित्रा मॉस्कोने घेतला आणि तो बरीच वर्षं खपला.

या सगळ्यात एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. चंद्रावर माणूस नेण्याचा निर्धार १९६१मध्ये जाहीर करणाऱ्या केनेडींनीच २० सप्टेंबर १९६३ला संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर सोव्हिएतांसमोर प्रस्ताव ठेवला होता, की आपण चंद्रावर मिळूनच जाऊ. दोन महिन्यांत त्यांची हत्या झाली आणि प्रस्ताव विरून गेला. म्हणजे शर्यत सुरू करणाऱ्यालाच तिचा खर्च झेपेल की नाही, ही धास्ती दोन वर्षांत वाटू लागली होती.

शर्यतीने मागे ठेवलेलं खरं धन कोणतं, हे पाहायचं तर कुलाब्याला जावं लागेल. अपोलोच्या यानांनी मिळून ३८२ किलो खडक आणि माती आणली, आणि अमेरिकेने त्यातले नमुने इतर देशांतल्या प्रयोगशाळांनाही अभ्यासासाठी दिले. नेव्ही नगरजवळच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांचा गट विश्वकिरणांवर काम करत होता. त्यांच्याकडे हे नमुने आले. नरेंद्र भांडारी, ताम्हणे, वेंकटवरदन ही त्या गटाच्या १९७१च्या सुमाराच्या शोधनिबंधांवरची नावं.

ते काय करत होते, ते समजून घेण्यासारखं आहे. चंद्राला वातावरण नाही, त्यामुळे अवकाशातून येणारी लोहासारख्या जड मूलद्रव्यांची अणुकेंद्रकं थेट खडकात घुसतात. जिथून जातात तिथे स्फटिकाची घडी विस्कटते. विस्कटलेला भाग डोळ्यांना दिसत नाही. पण तो कण राळेत बसवून घासून गुळगुळीत केला आणि उकळत्या कॉस्टिक सोड्यात ठेवला, की विस्कटलेली जागा आजूबाजूपेक्षा लवकर झिजते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेघ उमटते. अशा रेघा मोजायच्या. किती आहेत, किती खोलवर आहेत, यावरून तो कण चंद्राच्या पृष्ठभागावर किती लाख वर्षं उघडा पडला होता आणि त्या काळात सूर्य व आकाशगंगा कशी वागत होती, याचा अंदाज बांधायचा. काम तासन्‌तास नळीला डोळा लावून बसण्याचं. यात रॉकेटची गर्जना नाही की झेंडा नाही.

पुढे लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि हे काम तिकडे गेलं. त्या गटातल्या वेंकटवरदन यांनी मुंबईच्याच वरळीत १९७७ साली उघडलेल्या नेहरू तारांगणाची धुरा सांभाळली. भांडारी आणि लाल यांच्याच तालमीत तयार झालेले जितेंद्रनाथ गोस्वामी हे तीन दशकांनंतर चांद्रयान-१च्या वैज्ञानिक आखणीत पुढे होते. अमेरिकेने चंद्रावर जाणं सोडल्यावरही चंद्राचा अभ्यास जिवंत ठेवणारी माणसं या देशात होती. त्यांची सुरुवात परक्याने दिलेल्या चिमूटभर मातीवर झाली होती, हे विसरता येणार नाही.

चांद्रयान-१ हे २२ ऑक्टोबर २००८ला सुटलं. त्यावर नासाने दिलेलं एक उपकरण होतं, चंद्राच्या पृष्ठभागातली खनिजं ओळखणारं. त्याच्या नोंदींतून चंद्रावर पाण्याच्या रेणूंच्या खुणा आहेत, हे २००९मध्ये जाहीर झालं, आणि तिथून सगळं गणित फिरलं. तोवर चंद्र म्हणजे कोरडा दगड, एकदा जाऊन झालं, पुन्हा कशाला, अशी भावना होती. दक्षिण ध्रुवाजवळच्या काही विवरांत अब्जावधी वर्षं ऊन पोचलेलं नाही. तिथे बर्फ असला तर पिण्याला पाणी, श्वासाला ऑक्सिजन, आणि हायड्रोजन वेगळा काढला तर इंधनसुद्धा. हा ‘तर’ मोठा आहे. बर्फ किती, कोणत्या स्वरूपात, खणून काढायला परवडेल का, यांतल्या एकाही प्रश्नाचं खात्रीचं उत्तर अजून कोणाकडे नाही. पण सगळ्यांची नजर दक्षिण ध्रुवाकडे लागली ती तेव्हापासून.

आता अमेरिका. तिच्या बेताचं नाव आर्टेमिस. २०१९मध्ये उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी २०२४ची मुदत जाहीर केली. ती २०२५ झाली, मग २०२६, मग २०२७, आणि २०२५च्या डिसेंबरात अध्यक्षांच्या आदेशाने २०२८. म्हणजे सहा वर्षांत मुदत चार वर्षं पुढे गेली. तरी हे सगळं हवेत आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. आर्टेमिस-१ हे निर्मनुष्य यान नोव्हेंबर २०२२मध्ये सुटलं, चंद्राला फेरी मारून २५ दिवसांनी सुखरूप परत आलं. परतताना त्याच्या उष्णतारोधक कवचाचे तुकडे अपेक्षेपेक्षा जास्त उडाले आणि त्याची चौकशी करण्यात दोन वर्षं गेली. आर्टेमिस-२मध्ये रीड वाइझमन, व्हिक्टर ग्लोव्हर, क्रिस्टिना कॉक आणि कॅनडाचे जेरेमी हॅन्सन यांनी चंद्राला वळसा घालून यायचं, उतरायचं नाही, असं ठरलं होतं.

घोडं अडलंय ते उतरण्यावर. अमेरिकेचं एसएलएस हे रॉकेट चंद्राच्या दिशेने सुमारे २७ टन ढकलू शकतं. अपोलोचं सॅटर्न-५ साधारण ४५ टन ढकलत असे, म्हणून यान आणि उतरवणारी होडी एकाच उड्डाणात जात. आता ते शक्य नाही. उतरवण्याचं काम २०२१मध्ये स्पेस-एक्स कंपनीला सुमारे २.९ अब्ज डॉलरला दिलं गेलं, आणि तिचं स्टारशिप इतकं प्रचंड आहे की पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोचेपर्यंत त्याची टाकी रिकामी होते. लालबागच्या एखाद्या नव्या टॉवरला पालिकेचं पाणी पुरत नाही आणि टँकरमागून टँकर मागवावे लागतात, तशी त्याची गत आहे. दहा ते वीस इंधनवाहू उड्डाणं करायची, द्रव मिथेन आणि उणे १८० अंशांखालचा द्रव ऑक्सिजन कक्षेतल्या कक्षेत एका यानातून दुसऱ्यात ओतायचा, आणि शेवटचा टँकर येईपर्यंत पहिल्याने आणलेलं इंधन उकळून जाऊ द्यायचं नाही. या प्रमाणावर हे आजवर कोणीही केलेलं नाही. २०२५ साल त्या कंपनीला खडतर गेलं. जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांतली उड्डाणं बिघडली, जूनमध्ये एक यान जमिनीवर चाचणी चालू असतानाच फुटलं. ऑगस्ट आणि ऑक्टोबरची दोन उड्डाणं ठरल्याप्रमाणे पार पडली, पण इंधन ओतण्याची खरी परीक्षा बाकीच आहे. जेफ बेझोस यांच्या ब्लू ओरिजिनला २०२३मध्ये दुसऱ्या अवतरणयानाचं कंत्राट दिलं आहे. एक अडकलं तर दुसरं असावं, एवढा शहाणपणा नासाने दाखवला.

खर्चाचं सांगायचं तर, नासाच्याच महानिरीक्षकांनी २०२२मध्ये काढलेल्या हिशेबानुसार आर्टेमिसच्या पहिल्या चार उड्डाणांपैकी प्रत्येकाला ४.१ अब्ज डॉलर लागतात, आणि त्यात उतरणाऱ्या यानाचे पैसे धरलेले नाहीत. आजच्या भावाने हे पस्तीस हजार कोटी रुपयांच्या पुढे जातात. आरेपासून कफ परेडपर्यंत दादर-गिरगावच्या पोटातून जाणाऱ्या ३३.५ किलोमीटरच्या मेट्रो-३चा खर्च ३७,२७६ कोटी. म्हणजे दर उड्डाणाला जवळपास एक भुयारी मेट्रो, आणि तीही एकदा वापरून समुद्रात टाकायची. या भावाने कोणताही देश फार वेळा चंद्रावर जाणार नाही, मग समोर कोणीही प्रतिस्पर्धी असो.

चीनचा बेत याच्या अगदी उलट, जवळजवळ जुनाट वाटावा इतका साधा. लाँग मार्च-१० या रॉकेटची दोन उड्डाणं. एकात ‘लानयुए’ हे उतरणारं यान, दुसऱ्यात ‘मेंगचोऊ’मधून तीन अंतराळवीर. चंद्राच्या कक्षेत दोन्ही जोडली जाणार, दोघेजण खाली उतरणार, परत वर येणार आणि घरी निघणार. कक्षेत टँकर नाही, नवा शोध लावायची गरज नाही. जून २०२५मध्ये मेंगचोऊची जमिनीवरून निसटण्याची चाचणी झाली, ऑगस्टमध्ये हबेई प्रांतात लानयुएची उतरण्या-उडण्याची. पैशांचा आकडा बाहेर येत नाही, त्यामुळे स्वस्त की महाग यावर बोलण्यात अर्थ नाही. पण वेळापत्रक पाळण्याची त्यांची सवय दिसते. चांग’अ-४ २०१९च्या जानेवारीत चंद्राच्या पाठीमागे उतरलं, तिथे आधी कोणी अलगद उतरलं नव्हतं. चांग’अ-५ने २०२०मध्ये १,७३१ ग्रॅम माती आणली, चांग’अ-६ने २०२४मध्ये पाठीमागच्या बाजूची १,९३५ ग्रॅम. २०२५च्या नोव्हेंबरात त्यांच्या अंतराळ स्थानकावरच्या एका यानाच्या खिडकीला अवकाशातल्या कचऱ्यामुळे तडा गेल्याचं आढळलं. वीर दुसऱ्या यानातून परत आले आणि पर्यायी यान थोड्याच दिवसांत रिकामं वर पाठवण्यात आलं. गोष्ट लहान दिसते, पण अडचणीच्या वेळी राखीव यान आणि रॉकेट तयार असणं हीच अवकाशकार्यक्रमाची खरी तब्येत.

मला विचाराल तर पुढचे दोन बूट चिनी असण्याची शक्यता थोडी जास्त आहे. त्यांचा मार्ग लहान आहे म्हणून. मात्र लहान मार्गाची मर्यादाही तीच, की दोघेजण जातील, थोडे दिवस राहतील, परत येतील. स्टारशिपचं टँकरप्रकरण जमलं तर एका खेपेला कित्येक टन सामान चंद्रावर पोचेल आणि वस्तीची भाषा खरी ठरेल. अमेरिकेने अवघड वाट धरली आहे. ती पूर्ण झाली तर फायदा मोठा, फसली तर दहा वर्षं वाया.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. रशियाचं लूना-२५ हे १९ ऑगस्ट २०२३ला चंद्रावर आदळलं. नोव्हेंबर २०२५मध्ये बैकानूरच्या, माणसं पाठवण्यासाठी वापरात असलेल्या उड्डाणतळाचं मोठं नुकसान झालं. चीनबरोबर चंद्रावर तळ उभारण्याचा करार रशियाने २०२१मध्ये केला, त्यात आता तो थोरला भाऊ उरलेला नाही. युरोप आर्टेमिसच्या वीरांना नेणाऱ्या ओरायन यानाला इंजिनाचा डबा पुरवतो. जपान चंद्रावर चालवायची बंद गाडी देणार आणि बदल्यात आपले दोन वीर उतरवून घेणार. जपानी व्यवहार चोख असतात.

मग आपण? चांद्रयान-२चं विक्रम हे लँडर २०१९च्या सप्टेंबरात शेवटच्या टप्प्यात कोसळलं आणि २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३मधलं त्याचंच दुसरं रूप दक्षिणेकडे सुमारे ६९ अंशांवर अलगद टेकलं. महिना उलटायच्या आत गणपती आले आणि मुंबईतल्या कितीतरी मंडपांत थर्माकोलऐवजी कागद-पुठ्ठ्याचं चांद्रयान उभं राहिलं. उत्साह खराच होता. पण चंद्रावर यंत्र उतरवणं आणि माणूस उतरवणं यांत किती अंतर आहे, ते उत्साहाच्या भरात दिसत नाही. चांद्रयान-३चं वजन ३.९ टन. चीनच्या लानयुएचं सुमारे २६ टन, तेही माणसांना पृथ्वीवरून नेणारं यान वेगळं धरून. आपलं सर्वांत ताकदीचं एलव्हीएम-३ पृथ्वीजवळच्या कक्षेत आठ-साडेआठ टन नेतं. त्याच्या जोरावर माणूस चंद्रावर जाणार नाही, हे रॉकेट बांधणाऱ्यांना सांगावं लागत नाही. आपल्यालाच समजून घ्यावं लागतं.

यात मुंबईचा हात आहे, आणि तो बराच जुना आहे. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागमध्ये गॅस कंपनीशेजारच्या एका शेडमध्ये कुलुपं बनवायला सुरुवात केली. तीच गोदरेज अँड बॉइस आज विक्रोळीत इस्रोसाठी विकास इंजिनं जुळवते. चांद्रयान-३च्या प्रवासात तिची इंजिनं आणि दिशा बदलण्यासाठीचे थ्रस्टर होते. बॅलार्ड इस्टेटमध्ये मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोच्या पवईच्या कारखान्यात घन इंधनाच्या बूस्टरचे भाग बनतात, आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरलाही. गिरण्या गेल्या तरी बारीक मापाने धातू कापणारे हात या शहराच्या आसपास टिकले, ते अशा कामांवर.

‘इथे हिंदमाताला पाणी तुंबतं आणि तुम्हाला चंद्र सुचतो’ हा दादरकरांचा सवाल गैर नाही. (तसा हिंदमाताच्या पाण्यात चंद्राचा हात असतोच. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला, की गटारांचं पाणी समुद्र घेत नाही. पालिका दर पावसाळ्यात त्या तारखा छापते.) पण उत्तर आकड्यांत द्यावं. चांद्रयान-३ला लागले सुमारे ६१५ कोटी. माणसांना अवकाशात नेणाऱ्या गगनयानाचा एकूण खर्च सुरुवातीला दहा हजार कोटींच्या आत होता, तो २०२४मध्ये २०,१९३ कोटींवर गेला. दुप्पट झाला हे खरं. मेट्रो-३सुद्धा २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेली आहे, आणि गगनयान अजूनही तिच्यापेक्षा स्वस्त आहे. माझी तक्रार खर्चाची नाही. खर्च थोडा थोडा, दरवर्षी वेगळ्या घोषणेपाठी विखुरलेला होतो आणि मोठं रॉकेट मागे राहतं, ही आहे.

परक्यांशी कसं वागायचं, याबाबत भारताचा अनुभव मात्र कामाचा आहे. चांद्रयान-२चं लँडर मुळात रशिया देणार होता. २०११मध्ये त्यांचं मंगळाच्या चंद्राकडे निघालेलं फोबोस-ग्रुंट फसलं, वेळापत्रक कोलमडलं, आणि शेवटी आपण लँडर घरीच बनवलं. राकेश शर्मा १९८४मध्ये सोव्हिएत सोयूझमधून गेले. गगनयानाच्या चार वीरांनी रशियात गागारिनच्या नावाच्या केंद्रात प्रशिक्षण घेतलं. त्यांतले शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ला अमेरिकी कंपनीच्या ड्रॅगनमधून आंतरराष्ट्रीय स्थानकाकडे निघाले आणि १५ जुलैला परतले. भारताने २०२३च्या जूनमध्ये अमेरिकाप्रणीत आर्टेमिस करारावर सही केली आणि रशियाशी असलेलं नातंही मोडलं नाही. जपानबरोबर चांद्रयान-५ची मोहीम ठरली आहे, तिच्यात अडीचशे किलोची बग्गी ध्रुवाजवळ पाणी शोधणार आहे. दोन्ही दगडांवर पाय म्हणून याला कोणी हसेल. मला तर हेच शहाणपणाचं वाटतं.

कारण दोन मोठ्यांचं आपसात बोलणंच बंद आहे. अमेरिकेच्या संसदेने २०११मध्ये घातलेल्या अटीमुळे नासाला चीनशी थेट सहकार्य करायला मनाई आहे. १९६७चा अवकाश करार चंद्राच्या जमिनीवर कोणाचीही मालकी मान्य करत नाही, पण बर्फ खणून घेतला तर तो कोणाचा, यावर तो गप्प आहे. आर्टेमिस करारावर सह्या करणारे पन्नासहून अधिक देश म्हणतात, खणणं म्हणजे जमिनीवर मालकी सांगणं नव्हे. चीन त्यात नाही. ध्रुवाजवळच्या सतत उन्हात राहणाऱ्या कड्यांच्या जागा मोजक्या आहेत आणि दोघांनाही त्याच हव्या आहेत. शीतयुद्ध चालू असतानाही १९७५च्या जुलैमध्ये अपोलो आणि सोयूझ कक्षेत जोडली गेली होती. आज संकटात सापडलेल्या चिनी वीराला अमेरिकी यान मदत करू शकेल का, हे कोणाला ठाऊक नाही. बूट चिनी की अमेरिकी यापेक्षा हा मुद्दा मला जास्त काळजीचा वाटतो.

माती वाटण्याची जुनी रीत मात्र पूर्णपणे मोडलेली नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये चीनने चांग’अ-५चे नमुने सहा देशांतल्या सात संस्थांना अभ्यासासाठी द्यायचं ठरवलं. त्यात अमेरिकेतली दोन विद्यापीठं आहेत, पाकिस्तानची अवकाश संस्था आहे. भारत नाही. त्याचं कारण राजकारणात असावं. ज्ञान कमी पडलं असं कोणी म्हणणार नाही.

आपली माती आपण आणायची तर चांद्रयान-४ आहे. २०२४च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने त्याला २,१०४ कोटी मंजूर केले. पाच भागांचं हे यान एलव्हीएम-३च्या दोन उड्डाणांत वर जाणार, कक्षेत जोडलं जाणार, चंद्रावर उतरणार आणि नमुने घेऊन परतणार. जोडणी जमते हे इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतल्या दोन छोट्या यानांनी १६ जानेवारी २०२५ला दाखवून दिलं. माणसाला चंद्रावर नेण्यासाठी जे जे यावं लागतं, त्यातलं निम्मं या मोहिमेत निर्मनुष्य रूपात शिकून होईल. म्हणून गगनयानाच्या बातम्यांइतकंच लक्ष मी चांद्रयान-४कडे ठेवीन.

उरलेलं निम्मं म्हणजे रॉकेट. २०२४च्या त्याच सप्टेंबरात ८,२४० कोटींच्या नव्या प्रक्षेपकाला मंजुरी मिळाली. तो पृथ्वीजवळच्या कक्षेत तीस टन नेणार, त्याला आठ वर्षांची मुदत आणि तीन चाचणी उड्डाणं. त्याच्यासाठी श्रीहरिकोट्याला तिसरा उड्डाणतळ २०२५च्या जानेवारीत मंजूर झाला, चार वर्षांच्या मुदतीने. पण तीस टनही पुरणारे नाहीत. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी २०२५मध्ये पंच्याहत्तर टन नेणाऱ्या, चाळीस मजली उंचीच्या रॉकेटची गोष्ट काढली, ती उगाच नाही. तेव्हा २०४०च्या तारखेचं खरं-खोटं करायला २०४०ची वाट पाहायला नको. तिसरा तळ २०२९च्या आसपास तयार झाला आणि नव्या प्रक्षेपकाचं पहिलं चाचणी उड्डाण २०३२च्या आत सुटलं, तर भारतीय बुटांची चर्चा करू. नाही सुटलं, तर २०४०साली आपण पुन्हा दुसऱ्याच्या यानातली एक जागा विकत घेण्याचा भाव विचारत असू.